सतरा एकांचा फ्लेक्स: प्राइम म्हणून छापायला निघालेल्या एका संख्येचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरला रामबागेच्या बाजूला एक मराठी मंडळ आहे, नाव सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. तिथे शनिवारी संध्याकाळी मुलांचा गणिताचा वर्ग भरतो. ट्यूशन नाही, फी नाही, सिलॅबस नाही, एक निवृत्त गणित शिक्षक (सगळे त्यांना नुसतं सर म्हणतात) फळ्यावर काहीतरी काढतात आणि सातवी ते दहावीची पोरं त्यावर भांडतात. मंडळाच्या एक ताई सगळं मॅनेज करतात, आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक दादा लॅपटॉप घेऊन येतो. मी खडू-कागद आणि चहा बघतो, म्हणजे सगळं घडताना मी तिथेच होतो पण निर्णय माझे नव्हते.

२२ डिसेंबरला रामानुजनचा जन्मदिवस असतो (१८८७ चा), २०१२ पासून तो राष्ट्रीय गणित दिवस म्हणून पाळतात. मंडळाने ठरवलं की हॉलमध्ये छोटं प्रदर्शन लावायचं, आठ-दहा फ्लेक्स, प्रत्येकावर एक संख्या आणि तिची गंमत. ६१७४ अर्थातच होती, देवळालीच्या गणितज्ञ कापरेकर मास्तरांची, ती नसती तर सरांनी प्रदर्शनच होऊ दिलं नसतं. बाकीच्या संख्या मुलांनी शोधून आणायच्या होत्या.

त्यातली एक आली ती ग्रुपवरच्या फॉरवर्डमधून. मजकूर असा की फक्त १ हा अंक वापरून बनणाऱ्या प्राइम संख्या (म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणाऱ्या, मूळ संख्या) अगदी मोजक्या आहेत, आणि त्यात सतरा वेळा १ लिहिला की एक मिळते:

११,११,११,११,११,११,११,१११

दिसायला तर फ्लेक्ससाठीच जन्मलेली संख्या. शिवाय सरांनी भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथातली स्थानांची नावं सांगितली होती, एकं दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानं, त्यात सतरावं स्थान मध्य. त्यामुळे मुलांना ही संख्या एका दमात वाचायचा नादच लागला, एक मध्य एक अंत्य एक जलधी एक शंकू एक महापद्म असं करत खाली यायचं, मधे अडखळलं की बाद. डिझाइन झालं, खाली मोठ्या अक्षरात "ही प्राइम संख्या आहे" असं लिहून पण झालं.

अडचण

फाइल पाठवायच्या दिवशी दुपारी ताईंनी सहज विचारलं, कोणी चेक केलंय का? कोणीच केलं नव्हतं. फ्लेक्सवाला राजवाड्याजवळचा, त्याने सांगूनच ठेवलं होतं की भिया, सहा वाजेपर्यंत फाइल आली तर उद्या माल, नाहीतर परवावर गेलं.

दादाने लॅपटॉप उघडला. पहिल्यांदा स्प्रेडशीटमध्ये संख्या टाइप केली, एंटर मारला, आणि सेलमध्ये आलं १.१११११ई+१६. सेलचा फॉरमॅट बदलून पूर्ण आकडा बघितला तर शेवटचे तीन अंक १०० झालेले. कोणी हात लावला नव्हता, शेवटचे दोन एक आपोआप शून्य. मग त्याने ब्राउझरच्या कन्सोलमध्ये तीच संख्या टाकली, तिथे शेवट आला ११२. मग पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, २ पासून एकेकाने भागत जा, जिथे भागाकार पूर्ण येईल तिथे थांब. प्रोग्रॅम लगेच थांबला. उत्तर: २.

म्हणजे तीन ठिकाणी बघितलं आणि तिन्ही ठिकाणी संख्या सम निघाली. दादा म्हणाला, "फॉरवर्ड खोटं आहे, प्राइम नाहीये, दोनने भाग जातो." ताई फाइलमधून ते पान काढायलाच लागल्या होत्या.

तेवढ्यात नववीतली एक मुलगी म्हणाली, "पण दादा, शेवटी एक आहे ना, सम कशी असेल?"

माझ्या मते या अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. तीन मशीनचं एकमत होतं, समोर इंजिनिअरिंगचा मुलगा होता, घड्याळात पावणेचार वाजले होते. आणि विरोधात होता तिसरीतला नियम. दादा आधी "अगं पण कॉम्प्युटर" वगैरे बोलला, मग स्वतःच थांबला. सर काही बोलले नाहीत, फळ्यावर फक्त एक आकडा लिहिला, ९००७१९९२५४७४०९९२, म्हणजे २ चा ५३वा घात.

भानगड अशी आहे की कॉम्प्युटर दशांश चिन्हवाल्या आकड्यांचा हिशेब करतो तेव्हा त्याच्याकडे साधारणपणे ५३ बायनरी जागा असतात. २ च्या ५३व्या घातापर्यंत प्रत्येक पूर्ण संख्या त्यात नीट बसते, त्याच्या वर गेलं की विषम संख्यांना जागाच उरत नाही, त्या शेजारच्या सम संख्येवर सरकतात. आपली संख्या त्या हद्दीच्या वर, म्हणून ब्राउझरमध्ये १११ चं ११२ झालं. स्प्रेडशीट तर पंधरा अंकांपुढे सरळ शून्यच भरते. पायथन मात्र पूर्ण संख्या कितीही लांब असली तरी बिनचूक ठेवतो, तिथे घोळ दादाच्या भागाकाराच्या खुणेत होता. एक तिरकी रेघ दिली की उत्तर दशांशात येतं, २ ने भागल्यावर खरं उत्तर ५५५५५५५५५५५५५५५५.५, पण एवढ्या मोठ्या आकड्यात तो अर्धा बसत नाही, राउंड होऊन शेवट ५६ झाला, पूर्ण संख्या दिसली आणि प्रोग्रॅम खूश. म्हणजे साक्षीदार तीन असले तरी तिघांची अडचण एकच होती.

आता संख्या सम नाही एवढं पक्कं झालं. पण म्हणून ती प्राइम ठरत नाही, आणि फॉरवर्ड खरं की खोटं हा प्रश्न जिथल्या तिथेच.

पर्याय काय होते

ताईंचं म्हणणं, हे पान गाळा आणि त्याजागी १२३४५६७८९८७६५४३२१ टाका. ही पण सतरा अंकी, नऊ एकांचा वर्ग, आणि कापरेकरांनी ज्यांना डेम्लो संख्या म्हटलं त्या जातीची. देवळालीच्या शाळेतल्या मास्तरांची (१९०५ ते १९८६) अजून एक आठवण लागेल, वादाला जागा नाही. पर्याय खरंच चांगला होता, मला तर तोच पसंत होता.

दुसरा पर्याय एका पालकांचा, "असं म्हटलं जातं की ही प्राइम आहे" असं लिहा. सरांनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो तिथेच संपला. गणितात "असं म्हटलं जातं" लिहिणं म्हणजे सेव न घालता पोहे देणं, इंदुरात तरी चालत नाही.

तिसरा, नेटवर शोधून उत्तर घ्या. दोन मिनिटांचं काम. पण फॉरवर्ड पण तिथूनच आलं होतं, आणि उत्तर बरोबर असलं तरी प्रदर्शनात कोणी "कशावरून" विचारलं तर मुलांनी काय सांगायचं?

चौथा सरांचा. संख्या फुटत असेल तर तिचे तुकडे शोधायचे आणि ते असे मांडायचे की बघणाऱ्याला गुणाकार करून पटेल. नसेल फुटत तर बघू.

ताईंनी मधला रस्ता काढला, जो मला शहाणपणाचा वाटला. साडेपाचपर्यंत चौथा पर्याय, हाती काही नाही लागलं तर पहिला. डेम्लोवाली फाइल तयार करून बाजूला ठेवली.

काय केलं

दादाने तिरक्या रेघेच्या जागी बाकी काढणारी खूण टाकली, आणि २ सोडून फक्त विषम संख्यांनी भागायला लावलं. जास्तीत जास्त वर्गमूळापर्यंत, म्हणजे सुमारे १० कोटी ५४ लाखांपर्यंत जायची तयारी ठेवली होती, पण प्रोग्रॅम बराच आधी थांबला:

२०७१७२३ × ५३६३२२२३५७

तर फॉरवर्ड खोटंच होतं, पण दुपारी वाटलं होतं त्या कारणाने नव्हे. संख्या प्राइम नाही, आणि तिचा सगळ्यात लहान तुकडा वीस लाखांच्या वर.

पण आता मुलं शहाणी झाली होती. तीच मुलगी म्हणाली, आत्ताच हा कॉम्प्युटर चुकला होता, आता बरोबर कशावरून? बरोबर बोलली. मग फळ्यावर आधी झटपट तपासण्या झाल्या. नऊची: पहिल्या गुणकाच्या अंकांची बेरीज २२, म्हणजे ४. दुसऱ्याची ३८, मग ११, मग २. चार दुणे आठ. आणि सतरा एकांची बेरीज १७, म्हणजे ८. जुळलं. अकराची, एक अंक अधिक एक अंक उणे असं उजवीकडून करत: पहिल्याला १६ म्हणजे ५, दुसऱ्याला उणे २ म्हणजे ९, गुणाकार ४५, अकराने भागून बाकी १, आणि सतरा एकांची पण बाकी १. हे पण जुळलं. अशा तपासण्या चूक पकडतात, पण पास झालं म्हणून उत्तर बरोबरच असं नसतं, हे सरांनी दोनदा सांगितलं.

म्हणून अख्खा गुणाकार केला. २०७१७२३ चे चार भाग पाडले, चार मुलांना वाटले:

२० लाख पट: १०७२६४४४७१४००००००
७० हजार पट: ३७५४२५५६४९९००००
१७०० पट: ९११७४७८००६९००
२३ पट: १२३३५४११४२११

पहिल्या तीन ओळींची बेरीज ११११०९८७७५६९९६९०० अशी येते, एकदम बेशिस्त दिसते. चौथी ओळ मिळवायला लागलं की उजवीकडून एकेक करत सगळे १ पडत जातात. मुलं ओरडायला लागली. सरांनी मग फ्रँक कोल या गणितज्ञाची गोष्ट सांगितली, १९०३ मध्ये अमेरिकेत गणितज्ञांच्या सभेत तो एक शब्द न बोलता फळ्यापाशी गेला, २ चा ६७वा घात उणे १ काढला, शेजारी १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार केला, दोन्ही उत्तरं सारखी आली आणि तो जागेवर जाऊन बसला. आमच्याकडे न बोलण्याचा भाग काही जमला नसता.

इथे थांबलं असतं तरी चाललं असतं, वाजले होते पावणेपाच. पण सरांना अजून एक गोष्ट दाखवायची होती आणि खरं सांगायचं तर मला तीच सगळ्यात आवडली. ही संख्या कुठल्याही प्राइमने फुटत नाही, तिला ठराविक साच्यातलेच प्राइम चालतात.

समजा एक प्राइम प आपल्या संख्येला भागतो. संख्येची नऊपट केली की सतरा ९ येतात, त्यात १ मिळवला की १० चा १७वा घात. म्हणजे १० च्या १७व्या घाताला प ने भागलं की बाकी १. आता १, १०, १००, १००० असे घात घेत त्यांची प ने बाकी काढत गेलं तर बाक्यांचं एक चक्र बनतं, आणि त्या चक्राच्या लांबीने १७ ला भाग जायला हवा. १७ प्राइम आहे म्हणून लांबी १ किंवा १७. लांबी १ असेल तर प ने ९ ला भाग जातो, म्हणजे प म्हणजे ३, पण अंकांची बेरीज १७, तीनने जात नाही. राहिली १७. आणि फर्माच्या छोट्या प्रमेयाने १० चा (प − १)वा घात पण बाकी १ देतो, म्हणजे चक्राच्या लांबीने प − १ ला पण भाग जातो, म्हणून प − १ ला १७ ने भाग गेलाच पाहिजे. प विषम असल्यामुळे ३४ ने. तर प असणार ३४ च्या पाढ्यात १ मिळवून.

मुलांनी लगेच तपासलं. २०७१७२३ म्हणजे ३४ × ६०९३३ + १. बसलं. दुसरा ३४ × १५७७४१८३४ + १. बसला. म्हणजे दादाच्या प्रोग्रॅमने जिथे दहा लाखांवर भागाकार केले तिथे ६०९३३ पुरले असते. दादा म्हणाला हे आधी सांगितलं असतं तर, सर म्हणाले आधी विचारलं कोणी?

याचाच पुढचा फायदा: २०७१७२३ स्वतः प्राइम आहे का? त्याचे तुकडे पण मूळ संख्येचेच तुकडे, म्हणजे त्याच साच्यातले. वर्गमूळ सुमारे १४३९. तिथपर्यंत साच्यात बसणारे प्राइम फक्त सोळा: १०३, १३७, २३९, ३०७, ४०९, ४४३, ६१३, ६४७, ९१९, ९५३, १०२१, ११२३, १२५९, १३२७, १३६१, १४२९. सोळा भागाकार, हॉलमध्ये पोरं साधारण तेवढीच. प्रत्येकाने एकेक घेतला. १३७ वाल्याची बाकी ९ आली, ६४७ वालीची आधी शून्य आली, सगळ्यांचे श्वास अडकले, परत केलं तर २९. कोणाचीच बाकी शून्य नाही. वीस लाखांवरची संख्या प्राइम आहे हे कॉम्प्युटरला न विचारता सिद्ध.

निकाल

साडेपाचला नवीन मजकूर गेला. वरती सतरा एक, खाली "दिसते प्राइम, पण नाही", त्याखाली गुणाकाराच्या चार ओळी. एका कोपऱ्यात १ भागिले २०७१७२३ चा दशांश, ०.०००००००४८... असं कोणीतरी टाइप केलं होतं, त्यात एक शून्य जास्त होतं, ते सरांनी पकडलं. खरा आवर्ती भाग ००००००४८२६९००१२१३, मोजून सतरा अंक आणि मग परत तेच. हे पण त्या चक्रामुळेच.

मजकुरात एका ओळीवरून थोडा वाद झाला. "दोन्ही गुणक प्राइम आहेत" लिहायचं होतं. पहिल्याचं हाताने झालं होतं. दुसऱ्याचं वर्गमूळ सुमारे ७३२३४, साच्यातल्या २१५३ संख्या तपासाव्या लागतात, ते दादाने मशीनवर केलं आणि दुसरा गुणक प्राइमच निघाला. शेवटी लिहिलं की "पहिला आम्ही सोळा भागाकारांनी तपासला, दुसरा कॉम्प्युटरने". मंडळाच्या एका काकांना हे फार बारीक वाटलं, फ्लेक्सवर कोण वाचतं एवढं. पण प्रदर्शनात सगळ्यात जास्त प्रश्न त्याच ओळीवर आले.

फॉरवर्डमधली चूक कुठून आली असेल याचा अंदाज पण आला. एकांची संख्या प्राइम असायला किती एक आहेत तो आकडा प्राइम असावा लागतो, हे खरं आहे. पंधरा एक घेतले तर १११ ने पण भाग जातो आणि १११११ ने पण. उलटं मात्र खरं नाही. तीन एक म्हणजे ३ × ३७, पाच म्हणजे ४१ × २७१, सात म्हणजे २३९ × ४६४९, अकरा म्हणजे २१६४९ × ५१३२३९, तेरा म्हणजे ५३ × ७९ × २६५३७१६५३. खरोखर प्राइम निघतात त्या २, १९ आणि २३ एकांच्या, त्यानंतर थेट ३१७ आणि मग १०३१. कोणीतरी १९ च्या शेजारी १७ बसवला असणार, दिसायला शोभतो म्हणून.

वेगळं काय करता आलं असतं

प्रोग्रॅम आधी लहान संख्येवर चालवून बघायला हवा होता, असं बरेच जण नंतर म्हणाले. मला पटत नाही. लहान संख्यांवर तो प्रोग्रॅम शंभरपैकी शंभर मार्क घेऊन पास झाला असता, कारण घोळच ५३ जागांच्या वर सुरू होतो. टेस्ट करायची तर जिची फोड माहीत आहे अशा मोठ्या संख्येवर. आणि ती तर टेबलावरच होती, डेम्लोवाली. १२३४५६७८९८७६५४३२१ ची फोड नऊ एकांवरून हाताने येते, ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. दादाचा जुना प्रोग्रॅम तिला पण सम म्हणाला असता, आणि पाच मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं.

३४ चा साचा आधी शिकवून मग शोध घ्यायला हवा होता का? सरांचं म्हणणं नाही, आधी उत्तर हातात आलं म्हणून साच्यात रस वाटला. दादाचं म्हणणं हो. मी दादाच्या बाजूने आहे, पण मला शिकवायचं नसतं.

आणि फॉरवर्डचा मजकूर डिझाइनला जाण्याआधीच तपासणारं कोणीतरी हवं, हे तर उघड आहे. आता ताईंनी नियम केलाय, संख्या आणणाऱ्याने तपासणी पण आणायची.

पुढच्या वर्षीसाठी मुलांनी एकोणीस एक घ्यायचं ठरवलंय, ती खरंच प्राइम आहे. तिथे साचा ३८ चा, आणि वर्गमूळ १०५ कोटींच्या वर, म्हणजे साधारण २ कोटी ७७ लाख भागाकार. लॅपटॉपला जड नाही. पण फ्लेक्सवर दाखवायचं काय, यावर गाडी अडलीय. फुटणाऱ्या संख्येचा गुणाकार लिहून देता येतो, न फुटणारीचं लिहायचं काय? नववीतली मुलगी, आता दहावीत जाईल, म्हणते की प्रोग्रॅमच छापा, तिरकी रेघ न वापरलेला. सर म्हणतात त्यापेक्षा छोटा पुरावा असू शकतो, शोधा. दादा शोधतोय.